त्यागाची पावती कोणाच्या नावाने फाडायची?

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या बाई 41 वर्षांच्या, राष्ट्रीयीकृत बँकेत सोळा वर्षं क्लार्क. यंदा ऑफिसरच्या प्रमोशनची परीक्षा पास झाल्या, मुलाखत झाली, यादीत नाव आलं. ऑर्डर निघेल ती बहुतेक जिल्ह्याबाहेरची, कदाचित कोकणातली, कदाचित मराठवाड्यातली. यजमान अनुदानित शाळेत शिक्षक, त्यांना गाव सोडता येत नाही. मुलगा जूनमध्ये दहावीत जाईल. सासूबाई सत्तरीच्या, गुडघ्यांनी बेजार. आठ वर्षांपूर्वी, मुलगा पहिलीत असताना, अशीच संधी आली होती आणि बाईंनी ती सोडली होती. पत्रातल्या शेवटच्या ओळी त्यांच्याच शब्दांत देते:

"आमचे मॅनेजर साहेब म्हणतात, मॅडम, प्रगती पाहिजे तर घरादाराचा थोडा त्याग करावा लागतो. सासूबाई म्हणतात, मुलाचं भलं व्हायचं तर आईनं त्याग करावा लागतो; लक्ष्मीबाई पाटलांनी बोर्डिंगच्या पोरांसाठी मंगळसूत्र विकलं, तुला एक प्रमोशन सोडवत नाही? त्यांना बोलायचा अधिकारही आहे, त्यांचं माहेर कोयना धरणात गेलं. यजमानांची हरकत नाही, पण घरचं कसं होणार एवढंच ते विचारतात. ताई, त्यागाशिवाय प्रगती होतच नाही का? आणि होत नसेल तर मी कशाचा त्याग करू ते सांगा."

नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. तुमचे साहेब आणि तुमच्या सासूबाई एका खोलीत बसले तर त्यांचं कशावरच पटणार नाही, पण शब्द दोघांचा एकच. साहेबांच्या त्यागात घर सुटतं, सासूबाईंच्या त्यागात प्रमोशन सुटतं, आणि दोन्हीकडे सोडणाऱ्या तुम्हीच. साहेब काय सोडणार आहेत? काही नाही. यजमान काय सोडणार आहेत याचा अंदाज देणारी पत्रात एकच ओळ आहे. तिच्याकडे मी येणार आहे, कारण माझ्या मते तुमचं सगळं पत्र त्या ओळीत आहे.

काहीही न सोडता पुढे जाता येतं, असं मी सांगणार नाही. वेळ जातो, झोप जाते, सवयीची माणसं दूर राहतात. पण जे जातं त्याला मी खर्च म्हणते. खर्च म्हटलं की पुढचे प्रश्न आपसूक तोंडात येतात. किती? कोणाच्या खिशातून? किती महिने? त्याग म्हटलं की हेच प्रश्न विचारायची लाज वाटते. विचारणारा कोत्या मनाचा ठरतो. तुम्ही तर बँकेतल्या. संध्याकाळी कॅशमध्ये शंभर रुपयांचा फरक आला तर तो सापडेपर्यंत तुम्ही घरी जात नाही. आणि घरात आठ वर्षांपूर्वी एक आख्खं प्रमोशन कमी पडलं, त्याचं साधं व्हाउचरही कोणी केलं नाही. मला खात्री आहे, आज घरात कोणाला विचारलंत तर "तेव्हा तिचीच इच्छा नव्हती" असं उत्तर येईल. तुम्हीही पत्रात "मी स्वतःहून नाकारलं" असंच लिहिलं आहे.

आता लक्ष्मीबाईंची गोष्ट. ती खरी आहे आणि सातारा जिल्ह्यात वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांत तिने पाणी यावं, इतकी मोठी आहे. भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये कऱ्हाड तालुक्यातल्या काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, 1924 मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवायची, हे त्या काळी सोपं नव्हतं. मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आधी दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्र. 1930 मध्ये त्या गेल्यासुद्धा.

पण गोष्ट सांगताना आपण दोन गोष्टी गाळतो. एक म्हणजे ते बोर्डिंग लक्ष्मीबाईंचंही होतं. त्या पोरांना त्या रोज जेवू घालत होत्या, त्यांची आजारपणं काढत होत्या. आपण उभ्या केलेल्या कामात आपलं सोनं घालणं वेगळं, आणि दुसऱ्याने आपल्या सोन्याकडे बोट दाखवून "हे घाल" म्हणणं वेगळं. दुसरी गोष्ट सासूबाईंना नक्की सांगा, भांडण म्हणून नको, गंमत म्हणून सांगा. त्या बोर्डिंगमधली मुलं आपली कामं आपण करायची. स्वयंपाकपाण्याला हात लावायची, शेतात राबायची. स्वावलंबन हे त्या संस्थेचं ब्रीद आणि "कमवा आणि शिका" ही तिची ओळख. तेव्हा लक्ष्मीबाईंचं नाव घेऊन चौदा वर्षांच्या नातवाला ताट वाढून द्यायला आईने घरी थांबावं म्हणणं म्हणजे त्या माउलीची गोष्ट उलटी केल्यासारखं आहे. मंगळसूत्र लक्षात राहिलं, पोरांचे हात विसरले.

सासूबाईंबद्दल मात्र माझ्या मनात वेगळंच येतं. "त्यांना बोलायचा अधिकार आहे," असं तुम्ही लिहिलं आहे आणि ते मला पटतं. पण तो अधिकार कसला? कोयनेचं पाणी अडलं ते 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला. तुमच्या सासूबाई तेव्हा सहा-सात वर्षांच्या असतील. त्या मुलीने काही दिलं नव्हतं. तिच्याकडून ते गेलं. घर, पाणवठा, गावदेवी, आजीची चूल, सगळं. तिच्या वडिलांनाही कोणी "द्याल का?" म्हणून विचारलं नसणार, तारीख कळवली असेल. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा पहिला कायदा 1976 मध्ये आला, म्हणजे कोयनेची गावं पाण्याखाली जाऊन बारा-चौदा वर्षं उलटल्यावर. आज कोयना प्रकल्पाची क्षमता 1,960 मेगावॉट आहे, राज्याच्या घराघरांत तिचा उजेड आहे, आणि त्या खोऱ्यातल्या काही कुटुंबांची पुढची पिढी अजून पर्यायी जमिनीसाठी आंदोलनाला बसते. सत्काराच्या भाषणांत मात्र त्याला "धरणग्रस्तांचा त्याग" म्हणतात. ज्याला उजेड मिळाला त्याने हा शब्द शोधला, ज्याचं घर गेलं त्याने नव्हे.

म्हणून सासूबाई तुम्हाला जे सांगतायत ते कठोरपणाने सांगत नाहीत, असं मला वाटतं. जगात पुढे जायचं म्हणजे कोणाचं तरी न विचारता जाणार, हे त्या सातव्या वर्षी शिकल्या. आता घरात पुढे जायची वेळ आली आहे, तर कोणाचं जाणार? सुनेचं. त्यांनी हिशेब तोच मांडलाय, फक्त घरातल्या घरात. या बाईशी वाद घालू नका. त्या तुमच्या विरोधात नाहीत. तुम्ही दोघी एकाच यादीत आहात.

इतकं झाल्यावर पैशांचं बोलू. पत्रात पगाराचा उल्लेखच नाही, जणू तो विषय काढणं हलकेपणाचं. त्यागाच्या गप्पांत पैसा असाच गायब होतो.

बँका आणि युनियन यांच्यातल्या बाराव्या द्विपक्षीय पगारकरारानंतर क्लार्कचं बेसिकचं, म्हणजे मूळ पगाराचं, स्केल 24,050 ला सुरू होऊन 64,480 ला संपतं, पुढे स्केल संपल्यावरच्या स्टॅग्नेशनच्या वाढी. स्केल वन, म्हणजे पहिल्या पायरीच्या ऑफिसरचं 48,480 ला सुरू होऊन 85,920 पर्यंत जातं. तुमच्या सोळा वर्षांच्या सर्व्हिसमध्ये तुमचं बेसिक ऑफिसरच्या सुरुवातीच्या बेसिकच्या पुढे गेलेलंच असणार. त्यामुळे फिटमेंट होऊन, म्हणजे जुनं बेसिक नव्या स्केलमध्ये बसवून, पहिल्या महिन्यात हातात पडणारा फरक लहान असतो, हे तुमच्या शाखेतल्या कोणीही प्रमोट झालेल्या ऑफिसरला विचारून घ्या. त्यात दुसऱ्या गावचा संसार, दर आठवड्याची ये-जा आणि घरी स्वयंपाकाला बाई धरलीत तर पहिलं वर्ष पदराला खारही लागेल. शिवाय क्लार्कला घड्याळ असतं, ऑफिसरला ते फारसं नसतं, मार्चएन्डला तर अजिबात नाही. हे लपवून "जा, भरारी घ्या" म्हणणारे सल्ले मला आवडत नाहीत.

पण पहिल्या वर्षाकडे बघून अठरा-एकोणीस वर्षांचा निर्णय करायचा नसतो. तुमची अजून एकोणीस वर्षं नोकरी आहे. क्लार्कची वाट तुमच्या डोळ्यांसमोर संपताना दिसते. ऑफिसरची स्केल टू, स्केल थ्री अशी पुढे जाते, आणि जुनी पेन्शन असो की एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना), त्याचा पाया शेवटी पगारच असतो. हा आकडा एका कागदावर मांडा. दोन उभे रकाने, 60 व्या वर्षापर्यंत. मुलाच्या इंजिनिअरिंगचा किंवा जे काही त्याला करायचं असेल त्याचा खर्चही त्यात लिहा. मग सासूबाईंना दाखवा की दोन्ही रकान्यांत नातू आहे.

बदलीबद्दल. तुम्ही "कोकण किंवा मराठवाडा" असं लिहून मोकळ्या झालात, पण ऑर्डर अजून निघालेली नाही. यादी लागणं आणि पोस्टिंग निघणं यांच्यामध्ये जो वेळ असतो तो हातपाय हलवायचा वेळ. अर्थ मंत्रालयाच्या वित्तीय सेवा विभागाने ऑगस्ट 2014 मध्ये सरकारी बँकांना कळवलं होतं की विवाहित महिला कर्मचाऱ्याला तिच्या विनंतीवरून पतीच्या ठिकाणी किंवा शक्य तितक्या जवळ ठेवण्याचं धोरण करावं. नोव्हेंबर 2024 मध्ये बदली धोरणाबद्दल पुन्हा सूचना गेल्या, त्यांतही महिलांना जवळच्या ठिकाणी ठेवण्याचा आणि स्केल थ्रीपर्यंतच्या ऑफिसरना शक्यतो त्यांच्या भाषेच्या प्रदेशात ठेवण्याचा उल्लेख आहे. "शक्यतो" हा शब्द तुम्ही-आम्ही दोघीही ओळखतो. पण अर्जच केला नाही तर "शक्यतो"सुद्धा लागू होत नाही. आपल्या बँकेचं चालू बदली धोरण इंट्रानेटवरून काढा, पसंतीची ठिकाणं भरायची सोय असेल तर विचार करून भरा, आणि लेखी विनंतीत यजमानांची अनुदानित शाळेतली नोकरी, मुलाची दहावी, सासूबाईंचं दुखणं, तिन्ही कागदांसह जोडा. युनियनच्या आणि ऑफिसर असोसिएशनच्या माणसांना भेटा. साताऱ्याहून चिपळूण आणि साताऱ्याहून हिंगोली यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. एकातून शनिवारी दुपारच्या जेवणाला घरी येता येतं. आणि नकार दिला तर पुढची किती वर्षं परीक्षेला बसता येणार नाही, हेही बँकेच्या प्रमोशन धोरणात बघा. बँकेगणिक ते वेगळं असतं, आणि 41 व्या वर्षी ती वर्षं महाग पडतात.

आता दहावी.

आपल्याकडे दहावी हा मुलाचा इयत्तेचा क्रमांक नसून आईच्या नोकरीचा प्रकार आहे. मी कुचेष्टा करत नाही, मीही ते वर्ष काढलंय, पहाटे साडेचारला दूध तापवत. मुलगा ते दूध न पिता झोपायचा. तुम्हाला एक काम सांगते. आठ दिवस एक वही ठेवा. बँकेतून आल्यापासून रात्री झोपेपर्यंत तुम्ही मुलाच्या दहावीसाठी नेमकं काय करता ते वेळेसकट लिहा. आज नववीत आहे, चालेल. गणित घेता का? इतिहासाची उत्तरं पाठ करून घेता का? की क्लासची फी, डबा, गणवेश, "मोबाईल ठेव" आणि "झोप आता"? मला जी उत्तरं आजवर मिळाली त्यांत पहिल्या प्रकारचं काम थोडं आणि दुसऱ्या प्रकारचं ढीगभर निघालं. पहिल्या प्रकारचं असेल तर ते शिक्षक असलेल्या वडिलांना तुमच्यापेक्षा बरं जमेल. दुसऱ्या प्रकारचं कोणालाही जमतं, शिकवलं तर.

तिसरा प्रकारही आहे, तो वहीत येत नाही. आई घरात आहे एवढ्याने मुलाला जो धीर असतो, तो. त्याची किंमत मी कमी करणार नाही. फोनवर तो अर्धाच पोचतो. म्हणून मुलालाच विचारा. सगळ्या पत्रात त्याच्याबद्दल तीन माणसं बोलली आहेत आणि तो एक शब्द बोललेला नाही. त्याला "मी जाऊ का?" असं मात्र विचारू नका, चौदा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर निर्णय टाकणं अन्याय आहे, नाही म्हणाला तरी आणि हो म्हणाला तरी. "मी बाहेरगावी असले तर तुला काय अवघड जाईल?" असं विचारा. कदाचित तो सांगेल की रात्री आजीला उठवावं लागतं त्याची भीती वाटते. किंवा सांगेल की बाबांशी त्याचं बोलणंच होत नाही. कदाचित तो म्हणेल, काही नाही, मला फक्त वायफाय पाहिजे. तिन्हींवर तोडगे वेगळे आहेत.

आणि आता ती ओळ. "यजमानांची हरकत नाही, पण घरचं कसं होणार एवढंच ते विचारतात."

हरकत नाही, हे वाक्य ना-हरकत प्रमाणपत्रासारखं असतं. ग्रामपंचायत एनओसी देते तेव्हा घर बांधायला विटा वाहायला येत नाही. तुमचे यजमान वाईट नाहीत, पत्रावरून तरी सज्जन दिसतात. पण घरचं कसं होणार हा प्रश्न ते तुम्हाला विचारतायत, जणू ते त्या घराचे पाहुणे आहेत. तोच प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला तर त्याचं उत्तर अर्ध्या तासात निघेल. सकाळचा डबा, सासूबाईंच्या गोळ्या, दळण, गॅसचा नंबर, पालकसभा. शाळामास्तर माणूस, साठ पोरांचा वर्ग सांभाळतो, त्याला एक मुलगा आणि एक आई सांभाळता येणार नाही असं म्हणणं हा त्यांचा अपमान आहे. तुम्ही एका ठिकाणी हसत लिहिलंय की त्यांना फक्त चहा येतो. चहा येतो म्हणजे गॅस पेटवता येतो. तिथून कुकर फार लांब नाही.

यजमानांशी बोलताना "तुमची परवानगी आहे ना" असं म्हणू नका, उत्तर ठरलेलं आहे. कामांची यादी समोर ठेवा आणि विचारा, यातली कोणती तुम्ही घेणार, कोणत्यांना पैसे देऊन माणूस लावायचा आणि कोणती आपण चक्क बंद करायची. बंद करायचा रकाना विसरू नका. आमच्या घरी दिवाळीचे सगळे पदार्थ घरी करायचा हट्ट ज्या वर्षी बंद झाला, त्या वर्षी कोणी मेलं नाही. आणि हे सगळं जूनची वाट न बघता, पुढच्या सोमवारपासून महिनाभर करून बघा, तुम्ही घरात असताना. तुम्ही फक्त हात लावायचा नाही. तुम्हाला ते जड जाईल, कारण कच्ची पोळी बघून आपला हात आपोआप पुढे जातो. महिन्याने काय चाललं आणि काय कोसळलं ते दिसेल. जे कोसळलं त्यावरच मग डोकं चालवायचं.

माझा कल कुठे आहे ते एव्हाना कळलं असेल. मी तुमच्या जागी असते तर ऑर्डर घेतली असती.

पण समजा महिन्याभराने तुम्हाला वाटलं की नाही, हे एक वर्ष मला मुलाजवळ राहायचंय, सासूबाईंचं दुखणं बघता घर सोडवत नाही. तर राहा. त्यात हरलं काही नाही. मला फक्त ते कसं सोडायचं याबद्दल सांगू दे, कारण त्याची मला घरची माहिती आहे.

माझ्या आईचा लग्नानंतर ट्रेनिंग कॉलेजात नंबर लागला होता. मी सहा महिन्यांची होते. ती गेली नाही. कोणी अडवलं असंही नाही. हरकत कोणाचीच नव्हती. आयुष्यात तिने ही गोष्ट मला फक्त तीन वेळा सांगितली. मला दहावीला चोपन्न टक्के पडले तेव्हा, मी माझ्या मनाने लग्न ठरवलं तेव्हा, आणि मी नोकरी सोडून हे सल्ल्याचं काम धरलं तेव्हा. "तुझ्यासाठी सोडलं होतं मी." तीनच वेळा. पण मधल्या वर्षांत ते वाक्य घरात देवघराच्या कोनाड्यासारखं होतं, तिकडे पाठ करून बसता यायचं नाही. मी न काढलेल्या कर्जाचं व्याज मी भरत राहिले, आणि आईला मुद्दल कधीच परत मिळालं नाही. तिच्यावर माझा राग नाही. तिला हिशेब लिहायला जागाच नव्हती, म्हणून तिने तो माझ्या अंगावर लिहिला.

म्हणून प्रमोशन सोडलंत तर ते लिहून सोडा. तारीख घाला. "मी हे सोडते आहे कारण मला या वर्षी घरी राहायचं आहे." कर्ता मी, कारण माझं. मुलाचं नाव त्या कागदावर घालू नका. त्याच कागदावर यजमानांकडून लिहून घ्या की पुढच्या संधीच्या वेळी घराची बाजू त्यांची. हसतील ते. हसू द्या, सही घ्या. आणि मुलाला साठ टक्के पडले तरी हा कागद कपाटातून बाहेर काढायचा नाही, एवढी अट स्वतःला घाला. ती पाळता येणार नाही असं आतून वाटत असेल, तर मात्र जा. मनात हिशेब ठेवणारी आई घरात असण्यापेक्षा शनिवारी येणारी आई पोराला सोसते.

तुमच्यासारखी बरीच पत्रं याच टपालात आहेत. धाकट्याच्या परदेशातल्या शिक्षणासाठी वाटणीची जमीन गहाण ठेवायला निघालेला थोरला भाऊ. नवऱ्याच्या स्पर्धा परीक्षेसाठी सहा वर्षं पुण्यात ब्लाउज शिवणारी बायको, जिला नवरा "निकाल लागला की तू आराम कर" म्हणतो. त्या दोघांनाही मी वेगळं उत्तर देणार नाही. थोरल्याने जमिनीचा कागद करताना परतफेडीचा कागदही करावा, भाऊ असला तरी, भाऊ आहे म्हणूनच. आणि शिवणकाम करणाऱ्या ताईंनी नवऱ्याला एक तारीख विचारावी. कितवा अटेम्प्ट शेवटचा? ज्या खर्चाला शेवटची तारीख नाही तो खर्च घर खातो. आणि एक प्रश्न दोघांनाही: ज्याच्यासाठी सोडताय, तो तुमच्यासाठी काही सोडतोय का, अगदी छोटं का असेना? झोप? सिगारेट? दुसऱ्याच्या कष्टावर अभ्यास करणारा माणूस संध्याकाळी दोन तास काम करू शकतो. बोर्डिंगची पोरं करत होती.

तुमच्याकडे परत येते. वही आजच आणा, दहा रुपयांची चालेल. बदली धोरणाचं परिपत्रक सोमवारी काढा. यजमानांशी रविवारी बोला, जेवणानंतर नको, आधी. पोट भरलं की सगळ्यालाच हरकत नसते.

आणि सासूबाईंजवळ एक संध्याकाळ बसा. प्रमोशनचा विषय काढू नका. त्यांना त्यांच्या गावाबद्दल विचारा, घर कसं होतं, पाणी चढताना त्यांनी पाहिलं का, काय बरोबर आणलं, काय राहिलं. पत्रात तुम्ही "माहेर कोयना धरणात गेलं" एवढंच लिहिलंत, गावाचं नाव लिहिलेलं नाही. तुम्हाला ते माहीत आहे का? पुढच्या पत्रात मला कळवा.